गाऱ्हाण्यात घातलेला टीव्ही

मोठ्या दिरांशी मी आता बोलत नाही. आधीही बोलत नव्हते, पण तेव्हा लाजून बोलत नव्हते. आता ठरवून बोलत नाही. त्यांना यातला फरक कळला असेल असं वाटत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

मी मालवणच्या बाजारात मासे कापून देते. विकत नाही. विकायचं म्हणजे हाका मारायच्या, भाव करायचा, भांडायचं, ते मला जमत नाही. लोक दुसरीकडून सुरमई, बांगडे, मोरी घेतात आणि माझ्यापुढे पिशवी ठेवतात. "मावशे, तुकडे बारीक कर." "मावशे, डोकी वायली काढ." एवढंच बोलणं. मी मान हलवते आणि कापते. दिवसभरात माझ्या तोंडातून दहा शब्द निघत नसतील, आणि मला ते बरं वाटतं.

त्रास होता गुडघ्यांचा. आमच्याकडे मासे आडाळ्यावर कापतात. आडाळो म्हणजे पाट असलेली विळी. पाट पायाखाली दाबून धरायचा आणि सकाळपासून दुपारपर्यंत वाकून बसायचं. खालची फरशी ओली असते. चार वर्षं दुपारी उठताना मला भिंतीला धरून उठावं लागायचं. कुणी बघत नसेल तेव्हाच मी उठायचे.

बाजारात कोळंबी घ्यायला येणारा एक माणूस लोखंडाची कामं करतो. गेटं, ग्रिलं वगैरे. एकदा तो मासे कापून होईपर्यंत उभा होता, तेव्हा आपणहून म्हणाला, "मावशी, कमरेएवढं टेबल करून देऊ? वर आडाळो बोल्टने बसवायचा, पाणी जायला पन्हळ ठेवायची. उभं राहून काप." त्याने त्याच्या पावतीच्या मागे चित्र काढून दिलं आणि खाली पैसे लिहिले. तो कागद मी जपून ठेवला. लोक कधीकधी सुटे परत घेत नाहीत, तसले पैसे मी दोन हंगाम एका डब्यात टाकत होते. टेबलापुरते होत आले होते. बाजारात तोवर कुणी उभ्याने मासे कापलेले नव्हते. बायका हसणार हे मला माहीत होतं. तरी मला ते टेबल हवं होतं. मला आयुष्यात फार गोष्टी हव्याशा वाटलेल्या नाहीत, त्यामुळे ही किती हवी होती ते मला नीट आठवतं.

गणपतीच्या आठवडाभर आधी घरातला जुना टीव्ही गेला. माझे यजमान दुसऱ्याच्या ट्रॉलरवर जातात, ते टीव्ही बघत नाहीत, आल्यावर झोपतात. बघतात त्या सासूबाई. त्यांना चालता येत नाही. इथल्या केबलवाल्याचा एक चॅनल आहे, त्यावर गावोगावच्या दशावताराचे प्रयोग लावतात. त्या ते बघतात आणि मग राजा कसा चुकला ते मला सांगतात. टीव्ही गेल्यावर त्या रडल्या. तेव्हा यजमानांनी मुंबईला भावाला फोन केला आणि ठरलं की साधा टीव्ही घ्यायचा, दोघा भावांनी निम्मेनिम्मे द्यायचे. मला त्यात कुणी काही विचारलं नाही आणि विचारायचं कारणही नव्हतं.

मग चतुर्थीच्या आदल्या दिवशी दीर आले. बरोबर माझी जाऊ. मुंबईचे लोक घरात आले की आमचं घर आमचं राहत नाही. पंखा कुठल्या नंबरवर ठेवायचा इथपासून ते ठरवतात. दिरांनी चहा पिताना पहिली गोष्ट काढली ती टीव्हीची.

"साधो टीव्ही आता कोण घेता रे? मुंबैत भंगारवालो सुदीक उचलूचो नाय. घेवचो तर फुल एचडी."

यजमान म्हणाले, "दादानू, महाग पडता."

"तेवढीच काच, तेवढोच आकार. किमतीत वायच फरक आसा. पण चित्र कसा दिसता! माणसाच्या तोंडारचो घाम दिसता."

आता माणसाच्या तोंडावरचा घाम बघायला टीव्ही कशाला हवा? मी स्वयंपाकघरात खोबरं किसत होते. मनात म्हटलं, बाजारात येऊन बसा.

फरक किती ते दिरांनी सांगितलं. त्यावर माझा नवरा ते वाक्य बोलला.

"तेवढे हिच्या डब्यात आसत."

मी डब्याचं फक्त त्यांनाच सांगितलं होतं.

"कसले?" दिरांनी विचारलं.

"ती टेबल करतली म्हणता. मासे कापूक."

दिरांना हसूच आवरेना. "टेबल? मासे कापूक टेबल? मगे खुर्ची नको? डोक्यार पंखो नको?"

जाऊ म्हणाली, "एसी पण लावून घे गं, मासे ताजे राहतील."

माझा नवराही हसला. थोडासाच हसला, पण हसला. मी खोबरं किसत राहिले. मी नाही म्हटलं नाही, आणि हो पण म्हटलं नाही. आमच्या घरात माझं गप्प राहणं ज्याला जसं हवं तसं धरतात.

पण दिरांना माझं हो हवं होतं. उद्या कुणी म्हणायला नको की धाकटीचे पैसे काढून घेतले. ते त्यांनी कसं मिळवलं ते मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी गणपती बसला, आरती झाली. आरतीनंतर घरातला मोठा पुरुष गाऱ्हाणं घालतो. नारळ ठेवून देवाला मोठ्याने मागणं सांगायचं आणि प्रत्येक मागणं संपलं की बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. लहानपणापासून हे तोंडाला इतकं बसलेलं आहे की कान ऐकत नसतात, तोंड आपलं म्हणतं. गाऱ्हाणं घालणाऱ्याचा आवाज "रे म्हाराजा" ला चढला की आपण म्हणायचं. मला माणसांत बोलायला लाज वाटते, पण "व्हय म्हाराजा" मी सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणते. त्यात माझा आवाज वेगळा कळत नाही.

दिरांनी सुरुवात केली. "बा देवा गणपती म्हाराजा! आज ह्या घरात जी काय मोडकीतोडकी सेवा घडली आसा, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मुंबैत आसत, गावात आसत, होडयेर आसत, त्या सगळ्यांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणी वायट चिंतला आसात, कोणाची नजर लागली आसात, तां परत फिरव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी यंदा ह्या घरात एचडी टीव्ही येवं दे, तेच्या फरकाचे पैसे धाकट्ये सुनेच्या हातसून घडवन घे, आनी तिच्या हाताक यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी म्हटलं. सगळ्यांबरोबर, मोठ्याने. म्हणून झाल्यावर कानात शब्द शिरले. दीर नारळ उचलत होते आणि हसू दाबत होते. शेजारच्या घरातली चार माणसं आरतीला आली होती, त्यांनीही व्हय म्हटलं होतं. त्यांचं काय जात होतं!

सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "देवाच्या तोंडार म्हटलस मां? आता फिरव नको गो."

त्या दिवशी मी पानावर बसले पण जेवण गेलं नाही. देवाचाही राग आला. एवढी माणसं दिवसभर त्याच्यापुढे खोटं मागतात, आणि माझंच एक खरं धरायचं?

तिसऱ्या दिवशी शेजारणीकडे फुगड्या होत्या. मी फुगडी घालत नाही, भिंतीला टेकून बसते. तिच्या मुलाने आदल्या वर्षी फुल एचडी टीव्ही आणलेला. आवाज बंद करून तो चालूच ठेवला होता, तोच केबलवाल्याचा चॅनल, दशावतार. बाकीच्या फुगड्या बघत होत्या, मी टीव्ही बघत बसले. राजाचं तोंड पावसात भिजलेल्या कागदासारखं. डोळे कुठले आणि काजळ कुठलं कळत नव्हतं. आमच्या जुन्या टीव्हीत यापेक्षा बरं दिसायचं.

शेजारीण दमून बाजूला बसली तेव्हा मी हळूच विचारलं, "ह्यो एचडी मां? मगे असो कित्याक दिसता?"

"केबल तशीच येता गो. माझो झील मोबायलातसून क्रिकेट लावता तेव्हा बघ, चकाचक. केबलार एचडी व्हया तर डबो वायलो, आनी दर म्हयन्याक पैसे वायले. आमी नाय भरीत."

मी घरी आल्यावर यजमानांना सांगितलं. सासूबाई केबलच बघणार, केबलवर काही फरक पडत नाही, मग फरकाचे पैसे कशाचे?

ते म्हणाले, "दादाक सांग."

"तुमी सांगा."

"माका मदी घालू नको."

लग्नाला बावीस वर्षं झाली. या माणसाच्या मध्ये कधीच कुणी नसतं आणि तो कुणाच्याच मध्ये नसतो. तेव्हापासून त्याच्यावरचा राग दिरांवरच्या रागापेक्षा मोठा आहे, फक्त त्याला भाकरी करून घालायची असते म्हणून तो दिसत नाही.

पाचव्या दिवशी गणपती गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच टीव्हीच्या दुकानात जायचं ठरलं, कारण त्याच संध्याकाळी दिरांची गाडी. गणपतीत पाच दिवस घरोघर मासे नाहीत. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी अख्खं मालवण बाजारात धावतं. मला मान वर करायला वेळ नसतो, वर्षातला तो मोठा दिवस. तो दिवस त्यांनी घेतला. मी म्हटलं मी येत नाही, पैसे घेऊन जा. दीर म्हणाले, "नाय नाय, तू येवकच व्हयी. तुझ्या हातसून घडाक व्हया." गाऱ्हाण्यातले शब्द.

दुकान बाजारपेठेत आहे. आत थंड, बाहेर चिखल. मी चपला बाहेर काढल्या, बाकी कुणी काढल्या नाहीत. भिंतीवर दोन टीव्ही शेजारीशेजारी लावलेले, एका लांबीरुंदीचे. एक साधा, एक एचडी. एचडीवर समुद्राच्या आतलं चित्र चालू होतं. निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे. साध्यावर कसली तरी जाहिरात. मी जरा पुढे झाले तर जाऊ मागून म्हणाली, "हात लावू नको गं काचेला, वास बसतो." पाच दिवस माझ्या हाताला मासा लागला नव्हता. तिच्या पानात आदल्या रात्रीपर्यंत मीच वाढत होते.

दुकानदार पिकल्या मिशांचा, गोड बोलणारा. "वहिनी, बघा, कसं दिसतंय! खवलं मोजून घ्या."

दीर म्हणाले, "आता बोल! हेका म्हणतत चित्र!"

खोटं लिहिणार नाही, चित्र सुंदर होतं. पण मासळी बाजारात इतकी वर्षं बसून मला एक कळलेलं आहे. पाटीत वर ठेवलेला मासा बघून पाटी घ्यायची नाही. वर सकाळचा ठेवतात, पाणी मारून चकचकीत करतात, खाली कालचा असतो. विकणारीला ते माहीत असतं आणि मग कापताना मला कळतं, पोट उघडलं की खोटं लपत नाही. मी तिथे गप्प बसते, कारण विकणाऱ्या बायका माझ्या पोटावर पाय देतील. इथे दुकानदाराने माझ्यासाठी वरचा मासा ठेवला होता. आमच्या घरात येणार होता खालचा.

पैशांची पिशवी मी पोटाशी धरली होती. दुकानदार यजमानांना म्हणाला, "मग, एचडीचं बिल करू?" यजमानांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे पिशवीकडे बघितलं.

मी म्हणाले, "केबलची वायर लावन दाखवा."

माझा आवाज फाटला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

दुकानदार म्हणाला, "दुकानात केबल नसते वहिनी."

गल्ल्यापाशी एक छोटा टीव्ही होता, आम्ही आलो तेव्हा दुकानदार त्यावर केबलच्या बातम्या बघत होता. मी बोट दाखवलं. "ती काय?"

दीर हसले, दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असे. "टीव्ही म्हणजे काय बांगडो हा, कल्लो उघडून बघूक?"

"व्हय," मी म्हणाले. "कल्लोच बघूचो हा."

मिक्सर घ्यायला आलेले एक म्हातारे गृहस्थ तिथे होते, ते खो खो हसले. दिरांना ते लागलं. दुकानदाराला आता नाही म्हणता येईना. त्याने वायर ओढत आणली आणि आधी साध्याला लावली, मग एचडीला. मी सांगितलं, आमच्या केबलवाल्याचा चॅनल लावा. दशावतार लागला. साध्यावर राजा जसा दिसतो तसा दिसला. एचडीवर तोच राजा जरा जास्तच पसरलेला, कडा विरघळलेल्या.

म्हातारे पुढे आले, चष्मा सरकवून बघितलं आणि म्हणाले, "अरे मेल्या, दोनव सारकेच! उलट ह्यो वायट."

दुकानदार घाईने म्हणाला, "याला एचडीचा बॉक्स घ्यावा लागतो ना. दर महिन्याचं पॅक."

"मगे तो पण घेवया," दीर म्हणाले.

"दर म्हयन्याक कोण भरतलो, भावोजीनू?" मी विचारलं. त्यांच्याकडे बघून विचारलं. बावीस वर्षांत त्यांचे डोळे मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितले. लहान आहेत.

दीर म्हणाले, "तू देवासमोर व्हय म्हटलस."

"देवाक म्हटलंय, तुमका नाय. देव मागूक येवं दे, दितलंय."

मी कधी एवढं बोलले नव्हते. पिशवी काखेत धरली आणि बाहेर येऊन चपला घातल्या. मागून जाऊ म्हणत होती, "बघा, बघा, तोंड फुटलं हिला." यजमान मला थांबवायला आले नाहीत. मी बाजारापर्यंत चालत गेले. अर्धी गर्दी ओसरली होती, माझ्या जागेवर दुसरी बाई बसलेली. तिला उठवलं आणि उरलेलं गिऱ्हाईक केलं.

दिरांनी काय केलं असेल? म्हाताऱ्यांसमोर, दुकानदारासमोर त्यांची पंचाईत झाली असणार. त्यांनी एचडीच घेतला, फरकाचे पैसे मोबाइलवरून स्वतः भरले, आणि संध्याकाळी जाताना गावभर सांगून गेले की धाकटीने देवाला दिलेला शब्द मोडला. शिमग्याला ते आले नाहीत. सासूबाई म्हणतात, माझ्यामुळे. त्या माझ्याशी कामापुरतं बोलतात, आणि दिवसभर त्या टीव्हीवर पसरट तोंडाचे राजे बघतात. एकदा मला विचारलं, "ह्या धुरकट कित्याक दिसता गो? माझ्ये डोळे गेले काय?" मी सांगितलं, डोळे बरे आहेत, चित्रच तसं येतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. मुलाने आणलेला टीव्ही वाईट कसा असेल, डोळेच गेले असतील. आता डॉक्टरकडे न्या म्हणतात.

मला विचाराल तर तो टीव्ही चांगला आहे. यजमानांनी एकदा मोबाइल जोडून मुंबईच्या पुतणीच्या लग्नाचा व्हिडिओ लावला होता, त्यात प्रत्येक फूल वेगळं दिसत होतं. ज्यांच्याकडे त्याच्यात घालायला तसलं चित्र आहे त्यांनी जास्तीचे पैसे द्यावेत. आमच्याकडे नव्हतं. एवढं साधं होतं, आणि एवढं सांगायला मला माझ्या घरातल्या सगळ्यांशी वाकडं घ्यावं लागलं.

टेबल दिवाळीनंतर आलं. लोखंडवाल्याने टेम्पोतून आणून माझ्या जागेवर ठेवलं आणि आडाळो वर घट्ट बसवून दिला. बायका हसायच्या तशा हसल्या. "इली बघा ऑफिसर!" "सायबीण, सही करून दिशात काय?" शेजारी कापायला बसणारी म्हातारी त्या दिवसापासून मला टेबलीण म्हणते आणि माझी गिऱ्हाइकं आपल्याकडे वळवते. मी तिला काही म्हणत नाही, पण तिने विसरलेली माशांची पिशवी मी परवा तिला दाखवली नाही. कावळ्यांनी खाल्ली.

गुडघे आता दुखत नाहीत. उठायचंच नसतं. पण टेबल दोन बोटं उंच झालं आहे. त्याने माझी उंची विचारली नाही आणि मी सांगितली नाही, मला बोलायला लाज वाटली. त्यामुळे उजवा खांदा वर धरून कापावं लागतं आणि संध्याकाळी तो इतका ठणकतो की वेणी घालताना हात मागे जात नाही. पायाखाली एक फळी घेऊन बघितली, ती ओल्या फरशीवर सरकते. टेबलाचे पाय कापून घ्यायला लोखंडवाल्याला सांगायला हवं. तो कोळंबी घ्यायला येतो, मी सोलून देते, तो जातो, माझं सांगायचं राहतं.

खांद्याचं मी घरात कुणाला कळू दिलेलं नाही. नवऱ्याला कळलं तर फोनवरून मुंबईला कळेल, आणि तिकडे दोघं जेवताना हसतील. दुखतो तेव्हा मी केस डाव्या खांद्यावरून पुढे घेऊन वेणी घालते.